हेवी गिटार रेकॉर्ड करण्यासाठी कॅब कसा निवडायचा: आधी काय, मग काय

गिटारचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये पातळ किंवा चिरका आला की आधी अँपला शिव्या बसतात, मग पेडलला, मग पिकअपला. कॅबकडे, म्हणजे स्पीकर बसवलेल्या डब्याकडे, शेवटी लक्ष जातं. हाय-गेन, म्हणजे आवाज मुद्दाम खूप फाडणाऱ्या, अँपचा आवाज स्पीकर वगळून थेट ऐकून बघा, कानात मधमाशा शिरल्यासारखं वाटेल. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग गिटार स्पीकर झपकन खाली ओढतो, तेव्हा कुठे डिस्टॉर्शन ऐकण्याजोगं होतं. म्हणजे रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा ईक्यू (आवाजातले खालचे-वरचे भाग कमी-जास्त करणारं साधन) कॅबच असतो.

आणि बहुतेक जण तो खोलीत उभं राहून निवडतात. ४×१२ (बारा इंची चार स्पीकरांचा कॅब) समोर पॉवर कॉर्ड मारली, पँट थरथरली, सौदा पक्का. माइकला त्या थरथरीशी देणंघेणं नाही. तो एकाच स्पीकरपासून दोन बोटांवर असतो आणि तेवढंच ऐकतो. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत: माइकला जे ऐकू येतं त्यावर निवड करा. टप्प्यांचा क्रम बदलू नका. एकेक टप्पा बरोबर करूनही क्रम चुकल्यामुळे पैसे वाया गेलेले लोक बरेच आहेत.

## टप्पा १: गाण्याची गरज लिहून काढा

कुठलाही कॅब बघण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात: ट्यूनिंग, वेग, गिटारचे किती ट्रॅक एकावर एक चढणार, आणि बेस गिटार काय वाजवणार.

ट्यूनिंगवरून सगळ्यात जास्त गैरसमज होतात. स्टँडर्ड ट्यूनिंगमधली जाड ई तार ८२ हर्ट्झला वाजते. ड्रॉप डीमध्ये ती ७३ वर येते, ड्रॉप सीमध्ये ६५ वर, सात तारांच्या गिटारची बी ६२ वर. यावरून लोक ठरवतात की तार खाली गेली, तर कॅबही मोठा आणि जास्त बेसवाला हवा. पण मिक्समध्ये ६०-७० हर्ट्झची जागा बेस गिटार आणि किक ड्रमची असते. गिटारवर ८०-१०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचा आवाज कापणारा) लागणारच. पाम म्यूटची (तळहातानं तारा दाबून मारलेल्या फटक्याची) जी ‘धप्प’ तुम्हाला हवी असते ती १०० ते २०० हर्ट्झमध्ये असते, आणि ती साधा १२ इंची स्पीकर आरामात देतो.

वेगवान, तुटक रिफ असतील तर बेस घट्ट ठेवणारा कॅब बघा. संथ डूम मेटल वाजवत असाल आणि सूर लांबवर घुमायला हवा असेल, तर मोठा, ढिला कॅबही चालेल. चार-चार ट्रॅक चढवणार असाल, तर एकेकटा ऐकताना जरा कोरडा वाटणारा कॅबच शेवटी कामाला येतो.

## टप्पा २: चाचणीचा ट्रॅक आधीच रेकॉर्ड करा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. दुकानात किंवा जॅमरूममध्ये प्रत्येक कॅबवर हातानं वाजवून तुलना होत नाही. हात दर वेळी वेगळा पडतो, शिवाय आवडलेल्या कॅबवर माणूस नकळत जास्त चांगलं वाजवतो.

१. गिटारला नव्या तारा लावा, इंटोनेशन तपासा.

२. डीआय बॉक्समधून किंवा ऑडिओ इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंग यंत्राच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटमधून कोरडा, म्हणजे अँपविना, सिग्नल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. सगळ्यात जोरकस फटकाही उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका.

३. अर्धा-पाऊण मिनिट पुरे. त्यात तुटक पाम म्यूट, उघडे कॉर्ड, ट्रेमोलो पिकिंग आणि एखादा लांब लीडचा सूर असू द्या. हे तुमच्याच गाण्यातलं वाजवा.

४. तोच भाग दुसऱ्यांदा वाजवून वेगळा ट्रॅक ठेवा. डावी-उजवी जोडी ऐकायला तो लागेल.

हा सिग्नल अँपमध्ये परत पाठवायला रीअँप बॉक्स लागतो. इंटरफेसचं लाइन आउटपुट सरळ अँपमध्ये खुपसलं तर पातळी जास्त जाते, हमही येतो, आणि मग तुम्ही कॅब सोडून भलत्याच गोष्टीची परीक्षा घेत बसता.

तपासा: गिटारची केबल सरळ अँपमध्ये लावून आणि रीअँप बॉक्समधून, दोन्ही वेळा डिस्टॉर्शन सारखंच वाटतंय ना? नसेल तर बॉक्सवरची पातळी जुळवून घ्या, मगच पुढे जा.

## टप्पा ३: स्पीकर आधी, डबा नंतर

माइक लावून रेकॉर्ड करताना आवाजाचा जास्त भाग स्पीकर ठरवतो. त्यामुळे ‘अमुक कंपनीचा कॅब’ असा शोध न घेता ‘अमुक स्पीकर असलेला कॅब’ असा घ्या. हेवी संगीतात वारंवार भेटणारे काही, सगळे सेलेस्चन कंपनीचे:

सेलेस्चन व्हिन्टेज ३०. ६० वॅट. वरच्या मिड्समध्ये (आवाजाच्या मधल्या पट्टीच्या वरच्या भागात) ठळक उभार आहे, त्यामुळे ड्रम आणि बेसच्या गर्दीतून गिटार पुढे येते. मेटल रेकॉर्डिंगमध्ये हाच सगळ्यात जास्त ऐकू येतो. एकटा ऐकताना बोचरा वाटू शकतो आणि नवाकोरा असताना तर फारच. पहिले काही तास दणकून वाजल्यावर कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) जरा सैलावतो. नवा स्पीकर पहिल्याच दिवशी नापास करू नका.

जी१२टी-७५. ७५ वॅट. मार्शलच्या १९६० ए आणि १९६० बी या कॅबमध्ये हे चार असतात. मिड्स मागे, खाली-वर भरपूर. खोलीत एकटं वाजवताना फार छान वाटतो आणि मिक्समध्ये गेल्यावर गिटार गायब होते, अशी तक्रार याच्याबद्दल नेहमी येते. पण तोच व्हिन्टेज ३० च्या जोडीला ठेवला की काम चोख करतो.

जी१२एम ग्रीनबॅक. २५ वॅट. मऊ, मिड्सनी भरलेला, लवकर दबणारा. स्टोनर, जुन्या धाटणीचं हेवी रॉक यासाठी उत्तम. खूप गेन आणि खाली उतरवलेल्या तारा दिल्या तर गढूळ होतो.

जी१२के-१००. १०० वॅट. बेस घट्ट धरतो. सात-आठ तारांच्या गिटारवाल्यांनी हा ऐकून बघावा.

माझं मत विचाराल तर पहिला कॅब घेणाऱ्यानं दोन व्हिन्टेज ३० असलेला बंद पाठीचा २×१२ घ्यावा. नाहीतर एक व्हिन्टेज ३० आणि एक वेगळा, असा मिश्र २×१२. मिश्र कॅबमध्ये एका डब्यात दोन आवाज मिळतात, कुठल्या स्पीकरसमोर माइक ठेवायचा एवढंच ठरवायचं. ४×१२ मध्ये असं करताना दोन जातींचे स्पीकर एकमेकांच्या तिरके लावतात. मात्र एका कॅबमधल्या सगळ्या स्पीकरांचे ओहम सारखेच हवेत.

सावधान: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा १२ इंची पीए स्पीकर वॅटला भारी आणि खिशाला हलका असतो, पण गिटार कॅबसाठी तो चुकीचा माल आहे. असे बरेच स्पीकर गिटार स्पीकरपेक्षा खूप वरपर्यंत वाजतात, त्यामुळे डिस्टॉर्शनची सगळी किरकिर तशीच बाहेर येते. मंडपात गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून केलेला स्पीकर तो.

## टप्पा ४: डबा

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. तीन गोष्टी बघा.

पाठ बंद हवी. उघड्या पाठीच्या कॅबमध्ये मागून निघालेला आवाज पुढच्याला काही अंशी खोडतो, आणि पाम म्यूटचा धक्का जातो.

लाकूड प्लायचं हवं. ऑरेंजच्या पीपीसी४१२ सारख्या कॅबमध्ये १८ मिलीमीटर बर्च प्लाय असतं. स्वस्त कॅब एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचे असतात. नवे असताना वाजतात बरे, पण मुंबईत किंवा कोकणात दोन पावसाळे काढले की खालच्या कडा फुगतात, स्क्रू धरत नाहीत, आणि मग डबा खडखडतो.

मापाचं म्हणाल, तर मोठा डबा म्हणजे चांगला रेकॉर्ड होणारा डबा, असं नाही. मेसा आपला रेक्टिफायर ४×१२ साध्या आणि ओव्हरसाइझ अशा दोन मापांत काढते. ओव्हरसाइझमध्ये खालचा भाग जास्त फुलतो, जलद रिफसाठी तो नंतर कापावाच लागतो. शिवाय ४×१२ म्हणजे पस्तीस किलोंच्या पुढचं धूड. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर टेम्पोवाला वर चढवून देईलच असं नाही, आणि ड्रमर नेमका त्या दिवशी आजारी पडतो.

## टप्पा ५: ओहम आणि वॅट, केबल लावण्याआधी

चाचणीसाठी कॅब हातात आला की अँप सुरू करण्याआधी हा टप्पा संपवा. इथली चूक महाग पडते.

१. अँपच्या आणि कॅबच्या मागे काय छापलंय ते वाचा. ट्यूब (व्हॉल्व्हवर चालणारा) अँप असेल तर आउटपुट आणि कॅब यांचे ओहम सारखे ठेवा. ८ च्या जॅकला ८ चा कॅब, १६ ला १६ चा.

२. सॉलिड-स्टेट किंवा क्लास-डी (ट्यूबवर न चालणाऱ्या) अँपवर ‘किमान ४ ओहम’ असं लिहिलेलं असतं. त्याला ८ किंवा १६ चा कॅब चालतो, फक्त जोर कमी मिळतो. लिहिलेल्यापेक्षा कमी ओहमचा लावू नका.

३. दोन ८ ओहमचे कॅब समांतर जोडले की ४ होतात, दोन १६ चे जोडले की ८. अँपच्या मागचे स्पीकर जॅक सहसा समांतरच असतात.

४. मार्शल १९६० च्या मागे मोनो-स्टिरिओ बटण आणि दोन जॅक असतात. मोनोमध्ये एक जॅक १६ ओहमचा, दुसरा ४ चा. स्टिरिओमध्ये प्रत्येक बाजू ८ ची, आणि एकच केबल लावली तर फक्त दोन स्पीकर वाजतात. ‘कॅब पातळ वाजतोय’ म्हणून आलेल्या तक्रारींत हे बटण बऱ्याचदा सापडतं.

५. कॅबचे वॅट अँपपेक्षा बऱ्यापैकी जास्त हवेत. १०० वॅटचा ट्यूब हेड (स्पीकर नसलेला नुसता अँप) पूर्ण उघडला की छापील आकड्यापेक्षा जास्त देऊ शकतो. चार ग्रीनबॅक म्हणजे कागदावर बरोबर १०० वॅट, म्हणजे हाताशी काहीच राखीव नाही. त्याच हेडखाली एकटा ग्रीनबॅक असलेला १×१२ ठेवलात तर स्पीकर गेलाच म्हणून समजा.

सावधान: ट्यूब अँप कॅब किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी अँपचा भार घेणारा डबा) न जोडता कधीही स्टँडबायवरून काढू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अँप ते कॅब ही केबलसुद्धा स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण तिची तार बारीक असते. तापते, आणि आतून तुटली तर अँप पुन्हा लोडविना चालतो.

अमेरिकेतून कुणी हेड आणून दिला असेल तर तो १२० व्होल्टचा आहे का ते बघा. आपल्या २३० व्होल्टला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचा नाही.

## टप्पा ६: सेकंडहँड कॅबची झडती

वापरलेला कॅब घेणं शहाणपणाचं आहे, स्पीकर मुरलेले मिळतात. फक्त झडती नीट घ्या.

पाठ उघडायला सांगा. विकणारा तयार नसेल तर निघा. आतल्या चारही स्पीकरांची लेबलं वाचा. मधे एखादा फाटला म्हणून कुणीतरी तिथे दुसऱ्याच जातीचा ठोकलेला असू शकतो. कोनच्या कडेला भेगा, चिकटवलेले ठिगळ, सुटलेल्या वायरी बघा.

मग मल्टिमीटर. कॅबच्या जॅकमध्ये केबल घाला, दुसऱ्या टोकाला टिप (प्लगचं टोक) आणि स्लीव्हवर (त्यामागचा दांडा) मोजा. मीटर छापील ओहमपेक्षा थोडे कमी दाखवतो: १६ च्या कॅबला साधारण १२ ते १४, ८ च्या कॅबला ६ ते ७. आकडा यापेक्षा खूप वेगळा आला तर एखादा स्पीकर मेलेला आहे किंवा वायरिंग बदललेलं आहे.

त्याच केबलच्या टोकाला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा, धन बाजू टिपला. सगळे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक आत आणि तीन बाहेर गेले तर त्याच्या वायरी उलट्या आहेत. हे दुरुस्त करणं सोपं आहे, त्यामुळे सौदा सोडू नका, भाव पाडा.

शेवटी फोनवरच्या टोन जनरेटर ॲपचा सूर अँपमधून बेताच्या आवाजात सोडा आणि ६० ते ३०० हर्ट्झ सावकाश फिरवा. कुठेतरी खडखड येईल. हँडल, जॅकची पट्टी, पाठीचे स्क्रू, चाकांचे कप, एकेक हातानं दाबून बघा. हात ठेवल्यावर थांबली तर स्क्रूड्रायव्हरचं काम. कोनमधूनच येत असेल तर नवा स्पीकर.

## टप्पा ७: माइक लावून तुलना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माइक एकच, शुअर एसएम५७. तो सगळीकडे मिळतो आणि बहुतेक हेवी रेकॉर्डिंगचा पाया तोच असतो. रिबन माइक, सेनहायझर एमडी ४२१, दोन माइकांची जोडी हे सगळं कॅब ठरल्यानंतर.

१. कॅब भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर ठेवा. फरशीवर असेल तर खाली जाड फोम किंवा गादी घाला. फरशीजवळच्या खालच्या स्पीकरमध्ये बेस फुगतो, वरच्यात कमी.

२. जाळीवर टॉर्च मारून स्पीकरचा मध्य शोधा. मधली घुमटी म्हणजे डस्ट कॅप, तिची कड जाळीवर टेपनं खुणा करून दाखवा. अंदाजानं लावलेला माइक हे तुलना फसण्याचं पहिलं कारण.

३. माइक डस्ट कॅपच्या कडेसमोर, सरळ, जाळीपासून २-३ सेंटिमीटरवर. मध्याकडे सरकवला की किरकिर वाढते, बाहेर सरकवला की आवाज काळवंडतो. एका सेंटिमीटरनंही फरक पडतो, म्हणून पट्टीनं मोजा. अगदी जवळ नेला तर बेस आपोआप वाढतो, त्यामुळे अंतरही प्रत्येक कॅबला तेच हवं.

४. अँपचा आवाज ज्या पातळीवर रेकॉर्डिंग करणार त्याच पातळीवर. गेन जॅमला ठेवता त्यापेक्षा कमी. ट्रॅक एकावर एक चढले की गेनही चढतो.

५. टप्पा २ मधला ट्रॅक पाठवा, रेकॉर्ड करा. मग त्याच कॅबमधल्या प्रत्येक स्पीकरसमोर तंतोतंत त्याच जागी माइक ठेवून पुन्हा. एकाच जातीचे चार स्पीकरही सारखे वाजत नाहीत, बऱ्याचदा एक बाकीच्यांपेक्षा सरस निघतो. त्यावर टेप लावून ठेवा.

६. दुसरा कॅब जोडा. अँपचं एकही बटण न हलवता सगळं पुन्हा.

सावधान: वाजत असताना कानात प्लग न घालता कॅबसमोर वाकू नका. माइकची जागा शोधायची असेल तर गिटार बंद ठेवून गेन वाढवा. अँपची नुसती सळसळ येईल. कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमध्ये ती ऐकत माइक हळूहळू सरकवा. जिथे शिट्टीही नाही आणि गुदमरलेलंही नाही, तिथे थांबा.

## टप्पा ८: आवाज समान करून, मिक्समध्ये ठरवा

व्हिन्टेज ३० ची संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटला किती जोरात वाजतो ते) १०० डीबी, जी१२टी-७५ ची ९७. हे ३ डीबी म्हणजे अँपचे वॅट दुप्पट करण्याइतका फरक. कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, त्यामुळे पातळी न जुळवता ऐकलंत तर तुम्ही फक्त जोरात वाजणारा कॅब निवडाल. प्रत्येक रेकॉर्डिंग मीटरवर अर्ध्या डीबीच्या आत जुळवा.

मग फाइलींची नावं लपवा. मित्राला सांगा, त्यांना क, ख, ग अशी नावं द्यायला. दोन ट्रॅक डावी-उजवीकडे टाका, सोबत ड्रम आणि बेस सुरू ठेवा. बाकी ट्रॅक बंद करून गिटार एकटी ऐकायची नाही. गिटारवर फक्त ९० हर्ट्झचा हाय-पास, बाकी ईक्यू बंद.

आता ऐका. स्नेअर वाजताना रिफ समजतो का? पाम म्यूटचा खालचा भाग बेस गिटारवर चढून दोन्ही गढूळ करतो का? ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये एखादी शिट्टी सतत टोचते का? शिट्टी असेल तर कॅब लगेच बाद करू नका. माइक एक सेंटिमीटर बाहेर सरकवून पुन्हा रेकॉर्ड करा. तरीही राहिली तर तो स्पीकर तुमच्या अँपचा नव्हे.

तपासा: जिंकलेला कॅब दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा ऐका, इअरफोनवर आणि गाडीतही.

दुसरा माइक जोडायची वेळ आता आली. दोन्ही माइकांची तोंडं कोनपासून समान अंतरावर हवीत. अडीच सेंटिमीटरचाही फरक राहिला तर ७ किलोहर्ट्झच्या जरा खाली आवाज खोडला जातो, आणि तुम्ही त्याचा दोष स्पीकरला देत बसता. एका ट्रॅकची पोलॅरिटी (धन-ऋण बाजू) उलटी करून बघा. आवाज एकदम पोकळ झाला तर माइक बरोबर लागले आहेत.

## टप्पा ९: सोसायटीत राहत असाल तर

फ्लॅटमध्ये १०० वॅटचा हेड उघडला तर पहिला श्रोता सेक्रेटरी असतो. अशांसाठी लोड बॉक्स आणि इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर. आयआर फाइलमध्ये एका कॅबची, एका माइकची, एका जागेची नोंद असते. म्हणजे वरची सगळी निवड तीच, फक्त कुणीतरी माइक आधी लावून ठेवलेला. जोरात वाजताना स्पीकर स्वतः जो दबतो आणि फाटतो ते आयआरमध्ये येत नाही, पण घट्ट मेटल रिदमसाठी ही उणीव क्वचितच खटकते.

लोड बॉक्स रिअॅक्टिव्ह घ्या. नुसता रेझिस्टिव्ह लोड खऱ्या स्पीकरसारखा वागत नाही, खालचा आणि वरचा भाग बसका लागतो. लोड बॉक्सचेही ओहम आणि वॅट टप्पा ५ प्रमाणे जुळवा.

आयआरचा पाचशे फाइलींचा गठ्ठा विकत घेऊन रात्रभर चाळत बसू नका. टप्पा ३ मधल्या स्पीकरांपैकी दोन घ्या, प्रत्येकाच्या एसएम५७ च्या तीन-चार जागा घ्या, आणि टप्पा ८ जसाच्या तसा करा. दोन आयआर मिसळणार असाल तर त्यांची सुरुवात जुळते का ते बघा, नाहीतर दोन माइकांचीच अडचण इथेही येते. आणि मॉडेलरमधलं (अँपची नक्कल करणाऱ्या यंत्रातलं) किंवा प्लगइनमधलं कॅब सिम्युलेशन आधी बंद करा. एकावर एक दोन कॅब चढल्यामुळे घोंगडीखालून आल्यासारखा झालेला आवाज घेऊन लोक आठवडाभर ईक्यू फिरवत बसतात.